खोलीभर देव

कुंदाताईंच्या घरात देवघर एकच होतं, पण देव किती होते ते देवालाच ठाऊक.

देवघरातले देव गरीब स्वभावाचे. सकाळी आंघोळ, दोन फुलं, साखरेचा दाणा, एवढ्यावर त्यांचं भागायचं. कटकट होती ती आतल्या खोलीतल्या देवांची. मुलुंड पूर्वेच्या त्या घरात आतली खोली एके काळी गंधालीची होती. पाच वर्षांपूर्वी गंधाली लग्न होऊन कांदिवलीला गेली, आणि आठवड्याभरात तिच्या पलंगावर गणपतींचा एक मोठा गठ्ठा येऊन बसला. तिच्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिका होत्या त्या. गणपतीची पत्रिका कचऱ्यात कशी टाकणार?

माळा तर त्याआधीच भरला होता. मग खोलीही भरत गेली. अगरबत्तीच्या पुड्यांवरचे बालाजी आले, तांदळाच्या पिशवीवरची अन्नपूर्णा आली, पेढ्यांच्या खोक्यांवरचे गणपती तर सहकुटुंब आले. फटाक्यांच्या वेष्टनावरच्या लक्ष्मीसाठी कुंदाताई दर पाडव्याला सकाळी सोसायटीच्या आवारात वाकून वाकून कागदाचे कपटे वेचत. शेजाऱ्यांना वाटे, काकूंना स्वच्छतेची फार आवड. 'श्री लक्ष्मी ड्रायक्लीनर्स'च्या पिशवीवर देवाचं चित्रही नव्हतं, नुसतं नाव होतं, पण नाव तरी कचऱ्यात कसं घालायचं? नगरसेवकाच्या कॅलेंडरवर गणपती अंगठ्याएवढा असे आणि नगरसेवक पानभर हात जोडून उभा. अंगठ्याएवढ्या गणपतीपायी त्या नगरसेवकालाही दरवर्षी घरात घ्यावं लागे.

"निवडणुकीत पडला बिचारा," विद्याधर म्हणत, "पण आपल्याकडे अजून टिकून आहे."

विद्याधर म्हणजे कुंदाताईंचे यजमान. विमा कार्यालयातून निवृत्त झालेले, स्वभावाने थट्टेखोर आणि पोटाने हळवे. कुंदाताईंचे उपास हा त्यांच्या घरगुती विनोदाचा मुख्य आधार होता. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेले वार मोकळे दिसू नयेत म्हणून एकादशी, संकष्टी आणि प्रदोष. शिवाय रोज पहाटे पोथीचा एक अध्याय, आणि तो होईपर्यंत कुणाशी बोलणं नाही. एरवीही त्या इतक्या हळू बोलत, की भाजीवाला दर वेळी कान पुढे करी.

अशा घरात एका दुपारी गंधाली सात महिन्यांचं पोट घेऊन आली आणि सरळ आतल्या खोलीकडे गेली. दार उघडलं ते मांजर जाईल एवढंच. मागे खोक्यांची चळत होती. गंधालीने आडवं होऊन बघितलं, तिरकं होऊन बघितलं. पोट काही त्या फटीतून जाईना.

"आई, बाळंतपणाला मी इथे यायचं ना? कुठे? या फटीत?"

"आवरते गं मी. तू ये तर."

"मागच्या दिवाळीला आवरलंस तेव्हा दोन खोकी वाढली."

"ती दिवाळीची होती."

गंधाली पाटावर बसावं तशी हळूच सोफ्यावर टेकली. "हे बघ, मी भांडत नाहीये. डॉक्टरांनी भांडू नको म्हणून सांगितलंय. खोली रिकामी झाली तर मी येईन. नाही झाली तर मी आपली सासूबाईंकडेच राहते. त्यांनी तर डिंक पण आणून ठेवलाय."

हा घाव वर्मी होता. लेकीच्या बाळंतपणाचा डिंक सासूने आणायचा, म्हणजे आईने आता काशीलाच जायचं.  कुंदाताईंनी स्वयंपाकघरात जाऊन उगाच स्वच्छ ओटा पुसला.

कारण एक गोष्ट त्यांनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती, विद्याधरांनाही नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका एक जानेवारीला त्यांनी सरत्या सालाचं कॅलेंडर गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात घातलं होतं. त्यावर दत्त होते. त्याच दुपारी फोन आला की डोंबिवलीचा अनंता, त्यांचा पाठचा भाऊ, जेवता जेवता गेला. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या तीन नळ्या बंद होत्या. दत्ताला तोंडंही तीनच. कुंदाताईंच्या हिशेबात ते चोख जुळलं. त्या दिवसापासून त्यांनी देवाचा कागद घराबाहेर जाऊ दिला नव्हता. आणि आता पोटुशी लेक म्हणत होती, सगळे टाक. एका दत्ताने भाऊ नेला, तर खोलीभर देव काय नेतील?

खोली रिकामी केली नाही तर लेक येणार नाही, आणि केली तर नातवंडाचं काय होईल, या विचाराने त्यांचा डोळ्याला डोळा लागेनासा झाला. शेवटी विद्याधरांनी विचारलं, "अगं, झालंय काय?" तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच विद्याधरांना विनोद सुचला नाही. त्यांनी गंधालीला फोन केला आणि गंधालीने घाटकोपरच्या एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली.

दर्शना मॅडमचं ऑफिस फरसाणाच्या दुकानाच्या वर होतं. कुंदाताई गेल्या तो नेमका गुरुवार. जिना चढताना गाठ्यांचा ताजा वास आला आणि दत्ताने परीक्षा बघायला सुरुवात केली असं त्यांना वाटलं. मॅडम वयाने गंधालीहून लहान. टेबलावर पितळेचा छोटा गणपती होता आणि त्याच्याखाली विजेचं बिल दाबून ठेवलं होतं. कुंदाताईंची नजर तिथेच अडकली.

"काढू का बिल?" मॅडमनी विचारलं.

"नको, नको. त्यांना सवय असेल."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. अनंताचं सांगताना कुंदाताईंचा आवाज इतका खाली गेला की मॅडमना खुर्ची पुढे ओढावी लागली.

"म्हणजे अगरबत्तीचा पुडा टाकला, तर गंधालीच्या बाळाला काहीतरी होईल."

"शिव शिव," कुंदाताई म्हणाल्या.

"असं वाटतं ना?"

"वाटतं. वेडेपणा आहे हे कळतं हो. पण कळून काय उपयोग, वाटतं ते वाटतंच." मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "मॅडम, माझी भक्ती म्हणजे आजार का?"

"पहाटे अध्याय वाचल्यावर कसं वाटतं?"

"बरं वाटतं. गार वाटतं."

"आणि पुडा खोलीत ठेवल्यावर?"

कुंदाताईंनी विचार केला. "बरं नाही वाटत. सुटलो एकदाचे, असं वाटतं. दुसरा पुडा येईपर्यंत."

"मग अध्याय तुमचा आणि देवाचा. त्यात मी पडत नाही. पुड्याचं काम भीतीचं आहे. याला ओसीडी म्हणतात. कुणी हात धूत बसतं, कुणी गॅस बंद आहे का ते बघत बसतं. तुम्ही देव सांभाळता. पुढे गोळ्यांची गरज वाटली तर डॉक्टरांकडे पाठवीन, त्यात लाजायचं नाही. पण मुख्य औषध म्हणजे टाकणं. रोज थोडं. सगळ्यात सोपं असेल ते आधी."

कुंदाताईंनी मान डोलावली. कचऱ्याचा डबा मॅडमनी सांगितला होता, पण कुंदाताईंनी मनातल्या मनात त्यात थोडी दुरुस्ती केली. डबा कशाला? नवघर रोडच्या पुढे एक पिंपळ होता. लोक नकोसे झालेले देव त्याच्या पारावर आणून ठेवत. टाकल्यासारखंही होईल, आणि देवाला झाडाची सावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंदाताई पिशवीत थोडे पुडे आणि पत्रिका घालून पिंपळाकडे गेल्या. पारावर संमेलन भरलं होतं. काच फुटलेले दत्त, शेपूट तुटलेला मारुती, ओल लागून चेहरा सुजलेली एक सरस्वती, आणि कुणाच्या तरी नवीन फर्निचरला न शोभलेली विठ्ठल-रखुमाईची तसबीर. एक कुत्रा खंडोबाच्या फ्रेमकडे पाठ करून पाय वर उचलायच्या बेतात होता. कुंदाताईंनी त्याला हाकललं. मग खंडोबाला पदराने पुसलं. मग वाटलं, आपण गेलो की कुत्रा परत येणार.

त्या घरी आल्या तेव्हा विद्याधर दारातच होते.

"जाताना पिशवी एक होती," ते म्हणाले.

"हो."

"आता दोन आहेत. आणि बगलेत कोण आहे?"

"खंडोबा."

"आपला?"

"कुणाचा तरी. अहो, कुत्रा त्यांच्यावर..." पुढचं त्यांच्या तोंडून निघेना.

विद्याधरांनी खंडोबा घेतला, बाकीच्या पाहुण्यांकडे बघितलं. "जेवायला आहेत का सगळे? नाही, कुकर लावायचा म्हणून विचारतो."

कुंदाताई सोफ्यावर बसल्या. त्यांना आधी रडू आलं आणि मग, का कोण जाणे, हसू आलं. दोन्ही एकदम यायला लागल्यावर विद्याधरांनी पाणी आणून दिलं.

घाटकोपरला हे सांगितलं तेव्हा दर्शना मॅडमनी ओठ दाताखाली धरले, पण खांदे हलायचे ते हललेच. "कुंदाताई, देव देऊन देव घेऊन आलात तर खोली कशी रिकामी होणार?"

"ते कळलं. आता पिंपळाकडे जात नाही."

पण आता त्यांच्या डोक्यात दुसरी युक्ती आली होती, आणि ती त्यांनी मॅडमना सांगितली नाही. शास्त्राला धरून होती, तेव्हा सांगायचं काय? गणपतीला दरवर्षी पाण्यात सोडतोच की आपण. आधी उत्तरपूजा करायची, अक्षता वाहायच्या, दहीपोह्याचा नैवेद्य दाखवायचा, मूर्ती जराशी सरकवायची की देव निघाले. मागे राहते ती माती. मग पत्रिकेचीही उत्तरपूजा केली तर मागे राहील तो कागद, आणि कागदाला कोण घाबरतं?

दुसऱ्या सकाळपासून अध्याय झाला की कुंदाताई पत्रिका पाटावर मांडून बसू लागल्या. एका पत्रिकेत पाकिटावर एक गणपती, आत एक, आणि स्थळाच्या नकाशाशेजारी कोपऱ्यात तिसरा. तिघांची वेगळी पूजा. मंत्राच्या शेवटी देवाला 'पुन्हा यावं' असं म्हणायचं असतं. पाचव्या पत्रिकेला कुंदाताई तिथे येऊन थबकल्या. आपण त्यांना घालवतोय की आमंत्रण देतोय? तेव्हा त्या मंत्र शेवटाआधीच थांबवू लागल्या. मग अर्धा मंत्र म्हटल्याचं पाप नको म्हणून पूर्ण म्हणू लागल्या, आणि पूर्ण म्हटला की पहिल्यापासून सुरू.

पूजा झालेल्या पत्रिका गॅलरीतल्या बादलीत बुडत. साध्या कागदाचे देव विरघळले. चकचकीत प्लास्टिकवाले दिवसेंदिवस तरंगत राहिले, तोंड वर करून. विरघळलेल्यांचा लगदाही फेकवेना, म्हणून तो तुळशीला घातला. तुळस मान टाकून बसली.

विद्याधरांना रोज नाश्त्याला दहीपोहे, तेही बारा वाजता. पहिले काही दिवस त्यांनी आवडीने खाल्ले. नंतर एकदा ते दबक्या आवाजात म्हणाले, "देव जातायत की नाही माहीत नाही, पण या वेगाने मी आधी जाईन."

"असं बोलू नका हो. आधीच..."

"कुंदा, अगं, खोलीकडे बघ. दार अजून तेवढंच उघडतंय."

गंधालीचा रोज संध्याकाळी फोन. "झालं का काही?" "चालू आहे गं," कुंदाताई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चालू तर होतंच.

तिसऱ्या वेळी दर्शना मॅडमनी दहीपोह्यांपर्यंत सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"तुम्ही भीतीला रोज नैवेद्य दाखवताय, ताई. ती कशाला जाईल? तिचं उत्तम चाललंय. आता मी सांगते तसं. वस्तू घ्यायची, डब्यात टाकायची, घरात यायचं. नमस्कार नाही. चुकलं-माकलं म्हणणं नाही. अक्षता नाहीत. मनातल्या मनात नामस्मरणसुद्धा नाही, निदान त्या टाकण्यासाठी तरी नाही. आणि गंधाली ठीक आहे ना म्हणून फोन करून बघणं नाही."

"मनातसुद्धा नाही?"

"मनातसुद्धा नाही."

"मग भीती वाटेल त्याचं काय करायचं?"

"काही नाही."

"हे तर निर्जळी एकादशीपेक्षा कडक आहे," कुंदाताई हळूच म्हणाल्या.

मॅडम पुढे झुकल्या. "निर्जळी करता तुम्ही?"

"वर्षातून एकदा. पाण्याचा थेंब नाही."

"भूक लागते ना? तेव्हा काय करता?"

"काय करायचं? लागू द्यायची. दुपारी पार डोकं धरतं, वाटतं आता आडवी होते. चारच्या सुमाराला आपोआप उतरते. लागली म्हणून उठून खाल्लं तर उपास कसला?"

बोलता बोलता त्या थांबल्या.  खालून गाठ्यांचा वास आला.

"म्हणजे हा भीतीचा उपास," कुंदाताई म्हणाल्या.

"तुम्हाला चाळीस वर्षांचा अनुभव आहे. माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुलांना दहा मिनिटं बसवत नाही. फक्त एक करा. याचं व्रत करू नका."

"का?"

"एखादा दिवस चुकला तर तुम्ही मलासुद्धा खोलीत नेऊन ठेवाल."

शुक्रवारी सकाळी अध्याय संपवून कुंदाताई बालाजीचा एक रिकामा अगरबत्तीचा पुडा घेऊन खाली उतरल्या. सोसायटीच्या फाटकाशी सुक्या कचऱ्याचा निळा डबा होता. त्यांनी झाकण उघडलं. आत पिझ्झ्याचं खोकं होतं, फाटकी चप्पल होती. हात आपोआप कपाळाकडे निघाला तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला. पुडा पिझ्झ्याच्या खोक्यावर पडला, आणि बालाजी वर बघत राहिले.

वर येऊन त्या सोफ्यावर बसल्या. छातीत मिक्सर लागला होता.  विद्याधरांनी चहा आणून ठेवला आणि शब्दकोडं घेऊन शेजारी बसले, न बोलता, जे त्यांना जवळजवळ अशक्य होतं.

"फोन करू का गंधालीला?" कुंदाताईंनी विचारलं.

"नको म्हटलंय ना."

"सहज."

"सहज पण नको."

भीती चढली. कुंदाताईंनी चढू दिली. पुढे जरा उतरल्यासारखी झाली, निदान चहाची चव कळू लागली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

जावई होता, मुकुल. "आई, घाबरू नका. गंधालीच्या पोटात दुखायला लागलं म्हणून आम्ही हॉस्पिटलला आलोय. डॉक्टर बघतायत. मी करतो परत फोन."

फोन बंद झाला. कुंदाताई उठल्या, चपला न घालताच जिना उतरल्या, आणि विद्याधर "कुंदा, अगं कुंदा" करत मागून येईपर्यंत त्यांचा हात निळ्या डब्यात कोपरापर्यंत गेला होता. पुडा अजून तिथेच होता. वर कुणीतरी अंड्याची टरफलं टाकली होती. त्यांनी टरफलं बाजूला केली आणि बालाजींना धरलं.

"तीन नळ्या," त्या म्हणाल्या. "आता बघा. मी सांगत होते."

विद्याधर धापा टाकत होते. त्यांनी हात ओढला नाही. "अनंताला मधुमेह होता, कुंदा. सिगारेट ओढायचा तो. तुला भाऊबीजेला भेटायचा तेव्हा आधी बडीशेप खायचा."

"माहीत आहे मला. वास यायचाच."

"मग?"

"माहीत असून काय, अहो. हात सुटत नाहीये."

फाटकाचा वॉचमन दुसरीकडे बघू लागला. विद्याधरांच्या हातातला फोन पुन्हा वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. या वेळी गंधाली होती, आवाज थकलेला पण चिडका, म्हणजे जिवंतपणाची खूण.

"आई, काही नाहीये. अपचन. काल रात्री मी मिसळ खाल्ली आणि कुणाला सांगितलं नाही. बाळ मजेत आहे. पण बीपी थोडं जास्त आहे, डॉक्टर म्हणतात आता पडून राहा. घरी पाहुणे भरलेत सगळे. आई, मी येऊ का तुझ्याकडे? आज?"

कुंदाताईंचा हात अजून डब्यातच होता.

"खोली झालीय का गं?" गंधालीने विचारलं, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता.

बाळ मजेत आहे हे ऐकून भीती जायला हवी होती. गेली नाही. उलट म्हणाली, हा इशारा होता, पुढच्या वेळी अपचन नसेल, घे तो पुडा. एकादशीला दुपारी भूकही अशीच बोलते, अगदी समजूतदार आवाजात. एक खजूर खा, खजूर काय मोजायचा, असं म्हणते. कुंदाताईंनी हा आवाज ओळखला. पुडा वर नेला तर खोलीत जाणार, आणि लेक सासरी पडून राहणार. दोघं एका घरात मावायची नव्हती.

"संध्याकाळी ये," त्या म्हणाल्या. भाजीवाल्यालाही पहिल्या फटक्यात ऐकू गेलं असतं एवढ्या मोठ्याने. "चारनंतर ये. होते खोली."

मग त्यांनी बोटं उघडली. हात बाहेर काढला. त्याला अंड्याचा बलक लागला होता. शनिवारी मारुतीसमोर न बोलायची गोष्ट, पण शनिवार उद्या होता.

कोपऱ्यावरचा बाळा रद्दीवाला पोती आणि तराजू घेऊन आला. दार ढकलून, खोकी ओढून त्याने आत पाय ठेवला आणि शीळ घातली. "काकू, एवढे देव? देवळं काढलीत का विकायला?"

"तू भर," विद्याधर म्हणाले.

"नाही, म्हणजे, काढून टाकू ना? नंतर परत मागाल. लोक मागतात."

कुंदाताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "मी मागायला आले तर देऊ नकोस."

"रडलात तरी?"

"रडले तरी."

पहिला हात मात्र त्यांनीच घातला. समोर नगरसेवकाची पाच वर्षं गुंडाळून उभी होती. ती पोत्यात जाताना फारसं काही वाटलं नाही, आणि त्या जोरावर पुढची खोकी गेली. गंधालीच्या पत्रिकांचा गठ्ठा आला तेव्हा मात्र कुंदाताई खाली बसल्या. ओठांवर नाव आलं. त्यांनी ओठ मिटून धरले. रद्दीवाल्याने गठ्ठा उचलून पोत्यात कोंबला. छताचा पंखा पडला नाही. फोनही वाजला नाही. वाजला असता तरी त्यांनी ठरवलं होतं, आज त्या डब्यापाशी परत जायचं नाही.

काचेच्या तसबिरी रद्दीवाल्याने नाकारल्या. खंडोबा, सुजलेली सरस्वती, तुटलेला मारुती, सगळी मंडळी ओळीने उभी राहिली.

"यांना मी सोडून येतो पिंपळावर," विद्याधर म्हणाले. "पाहुणे आहेत, रिक्षाने नेतो. तू येऊ नकोस, अजून दोन आणशील."

दुपारी पोती गेली. गॅलरीतल्या बादलीतले तरंगते देवही गेले. पलंग दिसला. पलंगाखाली गंधालीची शाळेतली एक चप्पल सापडली. कुंदाताईंनी फरशी पुसली, चादर घातली, आणि भिंतीकडे बघत पलंगाच्या कडेला बसल्या. खोली उघडीबोडकी वाटत होती. चार वाजून गेले तरी भीती पुरती उतरली नव्हती. ती भुकेपेक्षा हट्टी निघाली. पण सकाळी ती छातीवर बसली होती, आता जरा बाजूला सरकून बसली होती, एवढा फरक कुंदाताईंना कळला.

मुकुल गंधालीला घेऊन आला तेव्हा पाच वाजले होते. गंधालीने दार ढकललं आणि ते भिंतीला जाऊन धडकलं.  मग ती पलंगावर आडवी झाली, पाय पसरले, हात पसरले.

"आई, इथे खिडकी आहे."

"होतीच की."

"मी विसरलेच होते." तिने पिशवीतून एक खोकं काढलं. "सासूबाईंनी दिलेत. हॉस्पिटलमधून सुखरूप आलो म्हणून पेढे. घे, बाबांनाही दे. त्या म्हणाल्या, डिंक इकडे पाठवू का?"

"पाठवा म्हणावं. लाडू मी करीन, डिंक त्यांचा चालेल."

पेढे पटापट संपले. विद्याधर पिंपळावर पाहुणे पोचवून नुकतेच आले होते, त्यांनी दोन खाल्ले. तेव्हा कुठे गंधालीने रिकामं खोकं हातात धरून झाकणाकडे बघितलं. लाल झाकणावर सोनेरी गणपती होता, चांगला हसरा. तिने आईकडे बघितलं. विद्याधरांनी बघितलं. मुकुल, ज्याला काही माहीत नव्हतं, म्हणाला, "कुठे टाकू?"

"दे इकडे," कुंदाताई म्हणाल्या.

त्या खोकं घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. तिघंही कान देऊन बसले. डब्याचं झाकण वाजलं. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही, आणि विद्याधर उठू की नको अशा बेतात असताना नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि भांडं गॅसवर ठेवल्याचा.

"भीती वाटतेय का गं?" गंधालीने खोलीतून विचारलं.

"वाटतेय," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "चहात साखर किती घालू तुझ्या?"